निडोजेन-१, तीन बँड आणि एक प्लेट (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी

नवीन प्रोजेक्ट, निडोजेन-१. मॅडमनी दोन वाक्यात सांगितलं, पूर्ण प्रोटीन बनव, लॅमिनिनला किती घट्ट बसतं ते मोज, मग पुढचं बघू. पुढचं म्हणजे लॅमिनिन आणि कोलॅजन-४ यांच्यामधला पूल. ऐकायला तीन महिन्यांचं काम वाटतंय.

स्वतःसाठी लिहून ठेवते कारण पंधरा दिवसांनी मीच विसरणार. बेसमेंट मेम्ब्रेन म्हणजे पेशींच्या थराखालची पातळ चादर, आणि तिच्यात मुख्य जाळी दोन, एक लॅमिनिनचं आणि एक कोलॅजन-४ चं, दोन्ही आपापली विणली जातात, म्हणजे लॅमिनिन लॅमिनिनला धरतं आणि कोलॅजन कोलॅजनला. या दोघांना एकमेकांशी टाचणारं म्हणून निडोजेनचं नाव पुस्तकात येतं. पर्लेकन नावाचं एक मोठं प्रोटीन आहे, त्यालाही हे धरतं.

माणसातलं निडोजेन-१ म्हणजे १२४७ अमिनो आम्लं, त्यातली पहिली २८ सिग्नल पेप्टाइडची, ती पेशीबाहेर पडताना कापली जातात. वजन साधारण १५० केडीए (किलोडाल्टन, प्रोटीनचं वजन मोजायचं एकक). आकार म्हणजे तीन गोळे, जी१, जी२, जी३. जी१ आणि जी२ यांच्यात एक लवचिक दोरी, जी२ आणि जी३ यांच्यात एक कडक दांडी. दांडी ईजीएफसारख्या छोट्या छोट्या मॉड्यूलची (मॉड्यूल म्हणजे प्रोटीनमधला स्वतंत्र घडी पडणारा भाग) आणि शेवटी एक थायरोग्लोब्युलिन जातीचं मॉड्यूल. निडोजेन-२ म्हणून भावंड आहे, ते साधारण २०० केडीए आणि त्याच्या दांडीत थायरोग्लोब्युलिनची मॉड्यूलं दोन. ते आपल्या प्रोजेक्टमध्ये नाही, बरं झालं.

९ जानेवारी

प्लाझमिड आलं, म्हणजे जीन वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ. माणसाचं पूर्ण जीन, शेपटीला म्हणजे सी-टोकाला हिस टॅग, निकेलला चिकटणारी हिस्टिडीनची छोटी माळ. एचईके २९३ या माणसाच्या पेशींत घालायचं, पेशी प्रोटीन बाहेर माध्यमात सोडतात, माध्यम गोळा करून निकेलच्या कॉलमवर टाकायचं. बॅक्टेरियात करायचा प्रश्नच नाही, एवढे डायसल्फाइड (सिस्टीनच्या जोड्यांमधले गंधकाचे बंध) बॅक्टेरियाकडून नीट जुळणार नाहीत आणि साखरा तर लागणारच नाहीत.

१७ जानेवारी

पहिली बॅच वाया. माध्यमात प्रोटीएज (प्रोटीन कापणारी एन्झाइम) थांबवणाऱ्या इनहिबिटरचं कॉकटेल टाकलं, हुशारी म्हणून, आणि कॉकटेलच्या डबीवर ईडीटीए आहे की नाही हे बघितलंच नाही. कॉलमवर माध्यम चढायला लागलं तशी निळी बीड्स वरून खाली पांढरी होत गेली, मी समोर बसून बघतेय आणि दोन मिनिटं मला कळलंच नाही की हे काय चाललंय. ईडीटीए धातूचे आयन पकडतं, त्याने निकेल ओढून नेलं. प्रोटीन सगळं फ्लो-थ्रूमध्ये, म्हणजे कॉलमला न चिकटता वाहून गेलेल्या द्रावणात. सिनिअर म्हणाला, प्रत्येकाचं एकदा होतं, तुझं लवकर झालं.

ईडीटीए-विरहित इनहिबिटर मागवलं. डबीवर मार्करने मोठं लिहिलंय.

२९ जानेवारी

प्रोटीन आलं! पण जेलवर (तिथे प्रोटीनं वजनाप्रमाणे वेगळी होतात) तीन बँड. १५० ला एक, १०० च्या आसपास एक जाड, आणि ५० च्या जरा वर एक फिकट. मला वाटलं दुसऱ्याच पेशींची घाण आली असेल. हिस टॅगच्या अँटीबॉडीने वेस्टर्न केला (जेलवरचे बँड अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) तर तिन्ही चमकतायत. म्हणजे तिन्ही आपलीच आहेत आणि तिघांच्याही शेपटीला टॅग आहे, म्हणजे जे काही तुटतंय ते पुढच्या टोकाकडून तुटतंय.

मग डीटीटी (डायसल्फाइड तोडणारं रसायन) घालून आणि न घालता दोन्ही चालवलं. डीटीटीशिवाय सगळंच जरा खाली पळतं कारण डायसल्फाइडनी आवळलेलं प्रोटीन जेलमधून लवकर सरकतं, पण बँड तीनच राहिले. तुटण्याची जागा एखाद्या डायसल्फाइडच्या फासाच्या आत असती तर डीटीटीशिवाय दोन्ही तुकडे एकमेकांना धरून राहिले असते आणि मला अख्खं दिसलं असतं. तसं नाही. तुटण्याची जागा फासाबाहेर, सुट्या भागात आहे.

हिशोब केला. जी१ आणि ती दोरी मिळून साधारण ४० केडीए, वर साखरा. ती गेली की १०० च्या वर काहीतरी उरतं. बरोबर बसतंय. फिकट बँड म्हणजे दांडीतच कुठेतरी तुटून फक्त दांडीचं टोक आणि जी३ उरलेलं असणार.

३० जानेवारी

काल रात्री जुने पेपर काढून बसले आणि मजा वाटली. १९८१ मध्ये उंदराच्या पेशींच्या एका लाइनमधून एक सल्फेट लागलेलं ग्लायकोप्रोटीन सापडलं, त्याला एन्टॅक्टिन नाव दिलं. १९८३ मध्ये रुपर्ट टिंपल आणि सहकाऱ्यांनी ईएचएस या उंदराच्या ट्यूमरमधून एक प्रोटीन काढलं, आपसात गोळा होऊन घरट्यासारखं दिसतं म्हणून निडोजेन नाव ठेवलं, लॅटिनमध्ये निडस म्हणजे घरटं. आणि ते होतं ८० केडीए! दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, त्याच गटाने दाखवलं की अख्खं प्रोटीन १५० चं आहे, ८० आणि १०० हे त्याचे तुकडे. पुढे सीक्वेन्स आले तेव्हा एन्टॅक्टिन आणि निडोजेन एकच निघालं.

म्हणजे ज्या प्रोटीनला नाव पडलं तेच तुकडा होतं. माझ्या जेलवर आज जे दिसतंय ते त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी बघितलंय. थोडा धीर आला, थोडी चिडचिडही झाली कारण हे मी आधी वाचायला हवं होतं.

३ फेब्रुवारी

तुकडे असले तरी मोजून तर बघू म्हणून एलायझा लावला (प्लेटला एक प्रोटीन चिकटवून वर दुसरं किती बसतं ते अँटीबॉडीने बघायचं). फ्रीजरमध्ये ईएचएस ट्यूमरचं विकतचं लॅमिनिन पडलेलं, तेच प्लेटला चिकटवलं, वर निडोजेन, मग हिस अँटीबॉडी. सिग्नल जेमतेम. बॅकग्राउंडच्या थोडा वर.

दिवसभर अँटीबॉडीवर संशय घेतला. संध्याकाळी मॅडम जाता जाता म्हणाल्या, अगं ते लॅमिनिन निडोजेन सोबत घेऊनच येतं. अर्थात! ईएचएस ट्यूमरमधून ईडीटीएने लॅमिनिन काढतात तेव्हा लॅमिनिन आणि निडोजेन एकास एक जोडीने बाहेर येतात, ईडीटीएने लॅमिनिनचं जाळं सुटतं पण ही जोडी सुटत नाही, ती सोडवायला प्रोटीनची घडी उलगडणारं २ मोलर ग्वानिडीन लागतं. म्हणजे मी बसलेल्या खुर्च्यांवर माणसं बसवत होते.

जागा रिकामी असलेलं लॅमिनिन हवं. पूर्ण लॅमिनिन म्हणजे आठशे-नऊशे केडीएचं धूड, तीन साखळ्यांचं, ते नको. गॅमा-१ साखळीच्या आखूड हातातली तीन मॉड्यूलं पुरतात, एलई ३ ते ५, जुन्या पेपरात त्यांना गॅमा-१ थ्री ३-५ म्हणतात. १६२-६३ अमिनो आम्लांचा तुकडा. बस.

१० फेब्रुवारी

आज काहीच प्रयोग नाही, नुसतं स्क्रीनसमोर बसून स्ट्रक्चर फिरवलं. डेटाबेसमधला क्रमांक १एनपीई. २००३ चं, जी३ मधला प्रोपेलर आणि लॅमिनिनची तीच तीन मॉड्यूलं, एकमेकांना धरलेल्या अवस्थेत.

हे नीट लिहून ठेवायलाच हवं. जी३ चा गाभा म्हणजे सहा पात्यांचा पंखा, बीटा-प्रोपेलर. एलडीएल रिसेप्टरमध्येही याच घराण्याचा पंखा आहे. वरून बघितलं की मधोमध भोक, आरपार, पाण्याने भरलेलं. पंख्याचा वरचा पृष्ठभाग अँफिथिएटरसारखा खोलगट, कडा उंच मध्य खाली. लॅमिनिनचं एलई४ हे मॉड्यूल बरोबर त्या खोलगटात मध्यावर येऊन बसतं आणि एलई३ कडेवरून ओणवं होतं. पण मध्याला तर भोक आहे ना, मग बसणार कशावर? तर भोकाच्या तोंडावर एका फिनाइलअॅलनिनची कडी आडवी आलीय, शटर ओढल्यासारखी. ते शटर असल्यामुळे मधोमध टेकायला जमीन मिळते. मी तो फिनाइलअॅलनिन लपवून बघितला, डिस्प्लेमधून नुसता, आणि खाली थेट आरपार दिसायला लागलं, एलई४ चं टोक हवेत लोंबकळल्यासारखं. मग परत दाखवला. असं चार-पाच वेळा केलं, उगाच.

लॅमिनिनच्या बाजूने जे टोक येतं त्यात सात अक्षरं महत्त्वाची, अॅस्परॅजिन-आयसोल्यूसिन-अॅस्पार्टेट-प्रोलिन-अॅस्परॅजिन-अॅलनिन-व्हॅलिन. त्यातली तीन खरी कामाची, अॅस्पार्टेट ८००, अॅस्परॅजिन ८०२, व्हॅलिन ८०४. हे स्ट्रक्चर यायच्या आधी नुसत्या म्युटेशन करून करून शोधलेलं, ९० च्या दशकात. एवढ्या लहान जागेवर पकड मात्र नॅनोमोलरच्याही खाली (आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट). पंखा ताठ, खोलगट ताठ, आणि समोरचं टोक त्यात साच्यासारखं बसणारं, दोघांपैकी कोणालाच बसताना वाकावं लागत नाही. मला वाटतं ही पकड एवढी घट्ट असण्यामागे तेच आहे, गोंद जास्त आहे म्हणून नाही.

गॅमा-२ साखळीत त्या दुसऱ्या अॅस्परॅजिनच्या जागी सेरीन आहे आणि तिथे निडोजेनची पकड कितीतरी पटींनी ढिली. कंट्रोल म्हणून हेच करायचं, ८०२ चा सेरीन.

२४ फेब्रुवारी

एलई ३-५ आणि त्याचं म्युटंट, दोन्हीचे प्लाझमिड आले. एलई मॉड्यूलमध्ये प्रत्येकी आठ सिस्टीन, चार डायसल्फाइड, म्हणून हेही एचईकेमध्येच.

४ मार्च

म्युटंट निरुपयोगी. म्युटंट आणि मूळ दोघांचे कर्व्ह एकावर एक. पहिल्यांदा वाटलं वा, काहीतरी नवीन सापडलं (असं वाटणं हीच धोक्याची खूण), मग सीक्वेन्स उघडला. मी प्रायमर (बदल घालायला लागणारा डीएनएचा छोटा तुकडा) डेटाबेसमधल्या सीक्वेन्सवर ८०२ मोजून बनवलेला. पेपरमधला आकडा सिग्नल पेप्टाइड वगळून मोजलेला आहे, आणि गॅमा-१ चं सिग्नल पेप्टाइड ३३ अमिनो आम्लांचं. म्हणजे मी खऱ्या जागेच्या ३३ घरं आधीचं घर बदललं. ते घर शेजारच्या मॉड्यूलमध्ये पडतं, बांधणीशी त्याचा काही संबंध नाही.

यापुढे आकडा बघायचा नाही, ती सात अक्षरं शोधायची आणि त्यातलं पाचवं बदलायचं. माणूस असो उंदीर असो, नंबर हलतात, अक्षरं तिथेच असतात. हे मी भिंतीवर चिकटवलंय.

१९ मार्च

बरोबरचं म्युटंट आलं. कर्व्ह सपाट. संपूर्ण रेंजमध्ये सपाट. एका अमिनो आम्लाने. मूळ एलई ३-५ वर छान एस आकार.

२१ मार्च

आता डोकेदुखी वेगळीच. अर्धी उंची कुठे येते ते बघून पकड काढायची, साधं आहे, पण माझा आकडा पेपरच्या आकड्यापेक्षा दहापट ढिला येतोय. कोटिंग ५ मायक्रोग्रॅमचं होतं. ते कमी केलं तर अर्धी उंची पण खाली सरकली. अजून कमी केलं, अजून सरकली. पकड प्लेटवर किती माल चिकटवलाय यावर कशी काय अवलंबून असेल?

सिनिअरने कागदावर काढून दाखवलं. पकड एवढी घट्ट असेल की प्लेटवरच्या जागांची संख्याच जास्त पडते, तर जेवढं निडोजेन घालशील तेवढं सगळं चिकटून जातं, वर द्रावणात मोकळं काही उरतच नाही. मग अर्धी उंची म्हणजे पकड नाही, अर्ध्या जागा भरायला किती माल लागला तेवढंच. मी पकड मोजत नव्हते, खुर्च्या मोजत होते. (खुर्च्या काही पाठ सोडत नाहीत.)

कोटिंग कमी करत करत अशा जागी आले की पुढे कमी केलं तरी अर्धी उंची हलत नाही. आकडा नॅनोमोलरच्या खाली गेला. रात्रभर ठेवून वाचलं, कारण इतकी कमी कॉन्सन्ट्रेशन असली की समतोलाला यायलाच तास लागतात, एक तासाच्या इन्क्युबेशनने खोटंच दिसतं.

मॅडम खूश. मीही.

२ एप्रिल

आता पूल. हे १९९१ मध्ये रिकॉम्बिनंट निडोजेनने दाखवलेलंच आहे, तीन गोळे पण त्याच कामात दिसले आणि लॅमिनिन आणि कोलॅजन-४ यांना एकाच वेळी धरून ठेवतं हेही. प्लेटला एलई ३-५, वर निडोजेन, धुवायचं, वर कोलॅजन-४, धुवायचं, मग कोलॅजन-४ ची अँटीबॉडी. जी३ खाली लॅमिनिनमध्ये अडकलेला, जी२ वर कोलॅजनला धरणार. निडोजेन नाही घातलं तर सिग्नल येता कामा नये, नाही आला.

निडोजेन घातलं, सिग्नल आला. पण वेडावाकडा. वाढवत नेलं की वर जातो आणि मग ठप्प होतो, आणि बॅच-बॅचला उंची वेगळी. जानेवारीची बॅच बरी, मार्चची निम्म्यावर. आणि हेच दोन्ही नमुने लॅमिनिनच्या एलायझात अगदी सारखे! एकावर एक कर्व्ह, मी दोन रंगात प्रिंट काढलं तर खालचा दिसेना.

७ एप्रिल

जेल परत. मार्चच्या बॅचमध्ये तो ५० च्या वरचा फिकट बँड आता फिकट नाही. पेशी जरा जास्त दिवस ठेवल्या होत्या, मेलेल्या पेशींतून प्रोटीएज सुटले असणार.

आणि मग एकदम ट्यूब पेटली. म्हणजे अख्खा फेब्रुवारी-मार्च मी जे मोजलं त्याला फक्त जी३ लागतो. १५० चं अख्खं प्रोटीन असो, जी१ गेलेला १०० चा तुकडा असो, नाहीतर नुसता दांडीचं टोक आणि जी३ असो, लॅमिनिनला तिघं सारखेच बसतात, आणि माझी अँटीबॉडी शेपटीचा टॅग बघते, जो तिघांकडे आहे. प्लेट शंभर टक्के भरलेली दिसते. पण भरलीय कोणी? पुलासाठी जी२ लागतो. ५० वाल्याकडे जी२ नाहीच. तो लॅमिनिनची जागा अडवून बसतो, आणि पकड एवढी घट्ट की अख्खं निडोजेन आलं तरी उठत नाही.

ज्या घट्टपणाचं महिनाभर कौतुक केलं तोच आता नडतोय.

८ एप्रिल

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या सिद्ध कर. बरोबर आहे.

नुसत्या जी३ चा वेगळा कन्स्ट्रक्ट बनवायचा, आणि अख्ख्या निडोजेनला पुढच्या टोकाला, सिग्नल पेप्टाइडच्या लगेच मागे, फ्लॅग नावाचा दुसरा टॅग लावायचा. शेपटीला हिस, डोक्याला फ्लॅग. आधी निकेलवर, मग फ्लॅगच्या बीड्सवर. जे दोन्हीकडून पार होईल त्याला डोकं आणि शेपूट दोन्ही आहेत.

हे पहिल्या दिवशी करता आलं असतं. असो.

१५ एप्रिल

क्लोनिंग चालू आहे तोवर जी२ वाचला. १एच४यू, आणि पर्लेकनसोबतचं १जीएल४, दोन्ही २००१ मधली. जी२ म्हणजे अकरा पट्ट्यांचं पिंप, आत मधोमध एक हेलिक्स. हे ओळखीचं वाटलं तर कारण आहे, हिरव्या चमकणाऱ्या जीएफपीचं पिंप असंच असतं. सीक्वेन्समध्ये साम्य काही नाही, चमकत तर अजिबात नाही, पण घडण तीच. निसर्गाने तेच पिंप इथे भिंतीसाठी वापरलंय, पर्लेकनचा आयजी३ डोमेन पिंपाच्या बाहेरच्या भिंतीला येऊन चिकटतो.

गंमत अशी की पिंपाच्या भिंतीवर एक मोठा पट्टा आहे जो सगळ्या प्राण्यांच्या निडोजेनमध्ये जवळजवळ जसाच्या तसा टिकून आहे, आणि पर्लेकनच्या बाजूची जागा मात्र तेवढी टिकलेली नाही. म्हणजे निडोजेनने तो पट्टा निव्वळ पर्लेकनसाठी जपलाय असं म्हणता येत नाही, ज्यांनी हे स्ट्रक्चर काढलं त्यांनीच तेव्हा अंदाज मांडला की तिथे आणखी काहीतरी काम होत असणार. मला असले पेपर आवडतात ज्यात शेवटी एक खिडकी उघडी ठेवलेली असते.

दांडीतल्या एका ईजीएफमध्ये आरजीडी आहे, पेशींच्या इन्टेग्रिनने धरायची खूण. आणि निदान एक ईजीएफ कॅल्शियम धरणाऱ्या जातीचं. त्यामुळे बफरमध्ये कॅल्शियम ठेवतेय, ईडीटीएला तर आता मी हातही लावत नाही.

२३ एप्रिल

क्लोन चुकीचा. परत.

६ मे

फ्लॅग-निडोजेन-हिस मिळालं. दोन कॉलमनंतर उतारा लाज वाटण्याइतका कमी, लिटरभर माध्यमातून ट्यूबच्या तळाशी थोडंसं, पण जेलवर एक बँड. एकच. १५० ला. मी जेलचा फोटो आईला पाठवला, तिने विचारलं ही रेघ म्हणजे काय, मी म्हणलं चार महिने.

जी३ मात्र धो धो मिळालं. लहान, आटोपशीर, तुटत नाही.

१३ मे

मुख्य प्लेट. आडवं, एकूण माल ठराविक, त्यात जी३ चं प्रमाण शून्यापासून वाढत जाणारं. उभं, तीन वेगवेगळी वाचनं: हिस, फ्लॅग, आणि कोलॅजन-४.

हिसची रांग सरळ. जी३ कितीही असो, प्लेट भरलेलीच. फ्लॅगची रांग जी३ वाढेल तशी उतरत जाते. आणि कोलॅजनची रांग फ्लॅगच्या मागोमाग उतरते, जवळजवळ समांतर. रीडरमधून शीट निघाल्यावर मी पहिल्यांदा हिसची रांगच बघितली, कारण चार महिने तिच्याकडेच बघायची सवय, आणि ती बघून काहीच बदललं नाही असं वाटलं असतं.

क्रमही बघितला. जी३ आधी आणि अख्खं नंतर, तर पूल जवळजवळ नाहीच. अख्खं आधी आणि जी३ नंतर, तर पूल तसाच उभा. तीन तासांत कोणी कोणाला उठवत नाही. दोन्ही एकदम घातलं तर मधलं काहीतरी.

फक्त जी१ नसलेला १०० चा तुकडा वेगळा काढून लावला (फ्लॅग बीड्सवरून निसटलेला माल पुन्हा कॉलममधून काढून, ५० वाला आकाराने गाळून), तर तो पूल नीट बांधतो. जी२, दांडी, जी३ असले की या प्लेटपुरतं भागतं. म्हणजे दोरी तुटली तर पूल राहतो, दांडी तुटली तर जातो आणि वर जागाही अडते.

१६ मे

लॅब मीटिंग. एकाने विचारलं, एवढं सगळं ठीक, पण निडोजेन काढून टाकलेला उंदीर तर जगतो ना? खरंय. २००० मध्ये निडोजेन-१ नसलेले उंदीर बनवले, बेसमेंट मेम्ब्रेन बघायला ठाकठीक, नंतरच्या एका कामात त्यांना झटके येतात आणि मागच्या पायांची हालचाल बिघडते असं दिसलं. निडोजेन-२ नसलेलेही ठीक. दोन्ही नसलेले मात्र जन्माच्या आसपास मरतात, फुप्फुसं आणि हृदय बिघडलेली, हे २००५ चं. आणि लॅमिनिन गॅमा-१ मधली फक्त ती जागा, जी मी प्लेटला चिकटवतेय तीच, काढलेले उंदीर जन्मल्यावर लगेच मरतात, बऱ्याच जणांना मूत्रपिंडच नसतं, ते २००२ चं. कृमीत तर निडोजेन काढलं तरी कोलॅजन-४ आपल्या जागी बसतं, कृमी जगतो, फक्त चेतातंतूंच्या जागा चुकतात.

मी उत्तर दिलं की एक भाऊ गेला तर दुसरा सांभाळतो, पण ते अर्धंच उत्तर होतं. प्रोटीन मुळातच नसणं आणि प्रोटीनचा तुकडा जागेवर बसून असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नसेल तर निडोजेन-२ येऊन त्याच जागी बसू शकतं. तुकडा बसलेला असेल तर तेही येऊ शकणार नाही, निदान माझ्या प्लेटवर तरी. निडोजेन कापणारे प्रोटीएज अंगात भरपूर आहेत, पांढऱ्या पेशींचं इलॅस्टेज, प्लाझमिन, काही एमएमपी. पण प्लेटवरून अंगात उडी मारायची नाही, मॅडमनी तिथेच थांबवलं आणि बरं केलं. अंगात तुकडा आधी पोचतो की अख्खं, यावरच सगळं आहे, आणि अंगात बहुतेक वेळा अख्खं आधी बसलेलं असतं आणि मग कापलं जातं. तेव्हा जी३ लॅमिनिनला धरूनच राहील आणि वरचा भाग सुटून जाईल. ते आधी करून बघायला हवं, पूल बांधून मग इलॅस्टेज.

२० मे

केलं. लहान डोस, वेगवेगळे मिनिटं, मग इनहिबिटर. फ्लॅग आधी जातो, झपाट्याने, म्हणजे दोरी. कोलॅजनचा सिग्नल त्यानंतर बराच वेळ टिकतो आणि मग घसरतो. हिस शेवटपर्यंत तिथेच, हललाही नाही. उरलेल्या प्लेटवर नवीन, ताजं, अख्खं फ्लॅग-निडोजेन घातलं. बसलं नाही.

एक शंका राहते की इलॅस्टेजने कोलॅजन-४ च कापलं असेल आणि मी पूल तुटला समजतेय. कंट्रोल म्हणून कोलॅजन घालायच्या आधीच निडोजेन कापायचं, इनहिबिटर टाकायचं, धुवायचं, मग ताजं कोलॅजन. उद्या.

२१ मे

तसंच आलं. दांडीच तुटतेय.

२३ मे

ट्यूबांना लेबलं. आधीच्या सगळ्यांवर नुसतं "निडोजेन" लिहिलंय, जानेवारी, मार्च, सगळ्यांवर, त्यातल्या कशात किती अख्खं आहे देव जाणे. तीन रंगाचे स्टिकर घेतले, लाल म्हणजे डोकं-शेपूट दोन्ही, निळा म्हणजे जी१ शिवाय, पांढरा म्हणजे नुसता जी३. जुन्या ट्यूबांना स्टिकर नाही लावला, पिशवीत घालून खालच्या कप्प्यात ठेवल्या.

२१ मार्चच्या पानावर परत गेले. तो आकडा चुकीचा नाही, लॅमिनिनशी पकड तेवढीच आहे, पण शेजारी मी ठळक अक्षरात "निडोजेन-१" लिहिलेलं, ते खोडून "जी३ असलेलं काहीही" केलं.

सोमवारी पर्लेकनचा आयजी३ ट्रान्सफेक्ट करायचा, म्हणजे त्याचं प्लाझमिड पेशींत घालायचं. टॅग दोन्ही टोकांना, यावेळी आधीच.